गुळवेल आणि रोगप्रतिकारशक्ती : स्वागताध्यक्षीय भाषण

वनौषधींचा रोगप्रतिकारशक्तीवर होणारा परिणाम हा या परिषदेचा विषय मुंबईत चर्चेला यावा, हे सर्वथा उचित आहे. कारण गुळवेलीविषयीचे आशादायक पुरावे आणि तिच्याविषयीची गंभीर शंका, ही दोन्ही याच शहरातून पुढे आली.

चरकसंहितेने गुडूचीची, म्हणजे गुळवेलीची, गणना मेध्य, म्हणजे बुद्धी वाढवणाऱ्या, रसायनांत केली आहे. तिला आधुनिक कसोटीवर पारखण्याचे मोठे काम केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. पित्तनलिका तुंबून होणाऱ्या काविळीत भक्षकपेशी, म्हणजे जंतूंना गिळून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, दुबळ्या पडतात आणि शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडूनही रुग्ण जंतुसंसर्गाने दगावतो, हे हेरून या संशोधकांनी ३० रुग्णांचे दोन गट केले. नेहमीचे उपचार दोन्ही गटांना मिळाले. एका गटाला, पित्ताचा निचरा चालू असतानाच्या काळात, त्यांच्या जोडीला गुळवेलही देण्यात आली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार यकृताच्या कार्यात दोन्ही गट सारखेच राहिले, परंतु पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची व मारण्याची क्षमता गुळवेल घेणाऱ्यांमध्येच पूर्ववत झाली. रक्तात पसरणारा जंतुसंसर्ग नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात ५० टक्के रुग्णांत आढळला, गुळवेलीच्या गटात एकातही नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४० व ९२.४ टक्के होते. रुग्णसंख्या लहान होती, हे मान्य करूनही या कामाचे मोल कमी होत नाही, कारण त्यात रोग, रुग्ण, मात्रा आणि काळ ही चारही अंगे निश्चित होती.

यामागील कार्यकारणाचा एक धागा तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हाती लागला. तेथे गुळवेलीच्या खोडातून अरॅबिनोगॅलॅक्टन, म्हणजे शर्करेच्या असंख्य रेणूंची एक साखळी, वेगळी काढण्यात आली. प्रतिकारयंत्रणेतील पेशींच्या पृष्ठभागावर टीएलआर-४ नावाचा ग्राहक असतो. काही जंतूंचे बाह्य आवरण ओळखून पेशीला सावध करणे हे त्याचे काम. ही साखळी याच ग्राहकाला चेतवते, आणि जंतू आलेला नसतानाही पेशी सज्ज होते.

आणि काळजीही येथेच सुरू होते. प्रतिकारयंत्रणेला चेतवणे जितके आवश्यक, तितकेच तिला आवरणेही. ती स्वतःच्याच अवयवांवर उलटली, तर आमवात किंवा स्वप्रतिरक्षित यकृतदाह, म्हणजे स्वतःच्याच पेशींनी यकृतावर चढवलेला हल्ला, असे विकार जडतात. कोविडच्या साथीत घरोघरी गुळवेलीचे काढे उकळू लागले, तेव्हा हा विचार मागे पडला. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्या इजेचे स्वरूप स्वप्रतिरक्षित यकृतदाहाशी जुळणारे होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि टिनोस्पोरा क्रिस्पा ही गुळवेलीच्याच कुळातील दुसरी वेल वापरली गेली असावी, अशी शक्यता मांडली. पुढे २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशाच ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. स्वागतसमितीच्या मते या वादात कोणाची सरशी होते, याला फारसे महत्त्व नाही. रुग्णाने नेमकी कोणती वेल, किती आणि किती दिवस घेतली, याची नोंदच सहसा नसते, ही खरी उणीव आहे. ती भरून निघेपर्यंत ज्यांना स्वप्रतिरक्षित विकार आहेत किंवा ज्यांचे यकृत आधीच बिघडलेले आहे, त्यांनी वैद्याला किंवा डॉक्टरला विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये, एवढे तरी या व्यासपीठावरून स्पष्ट सांगितले जावे.

वेलीची ओळख रानात अवघड नाही. अस्सल गुळवेलीची वरची साल कागदासारखी सुटते, आडवा छेद घेतल्यावर चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते, तर क्रिस्पाच्या खोडावर गाठीगाठींचे दाट उंचवटे असतात. मात्र खोड वाळवून त्याचे चूर्ण केले, की यांतले डोळ्यांना काहीच उरत नाही. शहापूर परिसरातील कातकरी समाज गुळवेल गोळा करून विक्रीस पाठवतो, आणि वेल ओली असताना ती पारखणारा माणूस हाच औषधाच्या शुद्धतेचा पहिला परीक्षक ठरतो. त्याच्या श्रमाचा रास्त मोबदला आणि त्याच्या पारखीची लेखी नोंद, हे दोन्ही विषय म्हणूनच उद्‌घाटनानंतरच्या पहिल्याच सत्रात ठेवले आहेत. दोन्ही वेलींची ओली खोडे आणि त्यांचे छेद नोंदणीकक्षाशेजारी मांडले असून, प्रतिनिधींनी सत्राला जाण्यापूर्वी ते हाताळून पाहावेत, अशी स्वागतसमितीची विनंती आहे.