आईचे चार आणे



माऊली, पंढरीचा देव उभा का आहे, हे लहान लेकरालाही ठाऊक आहे. पुंडलिक आई-वडिलांचे पाय चेपत बसला होता, देव दारात आला, पुंडलिकाने मागे न वळता वीट फेकली आणि म्हणाला, थांब जरा. देव थांबला. ही कथा आपण इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्यातल्या घराकडे आपलं लक्षच जात नाही. घरात कोण होतं? म्हातारे आई-वडील. बाहेर कोण होतं? साक्षात परमात्मा. आई-वडील आत होते म्हणून देव बाहेर उभा राहिला! आणि आज तुम्ही कुठल्याही तालुक्याच्या दिवाणी कोर्टाच्या व्हरांड्यात जाऊन बघा. लेक आत साहेबापुढे उभा आहे, आणि आई बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली आहे. पिशवीत भाकरी, आणि घराचा उतारा.

तुम्ही म्हणाल, महाराज, आम्ही हरिकथा वाचायला बसलो, तुम्ही कोर्टकचेरी काय काढली? अहो, मी काढली नाही. चाळीसएक वर्षं कीर्तनाला उभा राहतोय. कीर्तन झालं की लोक पाया पडायला येतात. पूर्वी विचारायचे, महाराज, जप कोणता करू? आता विचारतात, महाराज, भावाने घराला कुलूप लावलंय, काय करू? दहातले निम्मे हेच विचारतात. तेव्हा मी वकील नव्हे, आळंदीत वीणा धरायला शिकलेला माणूस आहे, पण जाणत्या वकिलांच्या पायाशी बसून चार गोष्टी समजून घेतल्या. त्या सांगतो. तुमच्या प्रकरणात काय लागू पडतं ते मात्र तुमच्या वकिलालाच विचारा.

एक घर सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण घर अजून उभं आहे आणि माणसं माळकरी आहेत. पाच खणांचं जुनं माळवदाचं घर. ओसरी, माजघर, मागे स्वयंपाकघर, परसात विहीर. वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे आई, दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी शेजारच्या तालुक्यात दिलेली. वडिलांचं वर्षश्राद्ध होईपर्यंत सगळं ठीक. मग एके दिवशी दोघा भावांनी पंच बसवले आणि माजघराच्या मधून भिंत घातली. भिंत अशी बसली की चूल एकाकडे, पाणी दुसऱ्याकडे. तुळशीवृंदावन अंगणात मधोमध, त्यालाही वळसा घालून चुन्याची रेघ. देवघरातले टाकसुद्धा वाटले. खंडोबा थोरल्याकडे, भवानी धाकट्याकडे. बाळकृष्ण एकच होता, तर त्याच्या पाळ्या लावल्या. एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे! देवाला बिऱ्हाड बदलायला लावणारी आपण माणसं.

आणि आई? आईची खाट ओसरीवर. का, तर ओसरी कुणाच्याच वाटणीत घातली नव्हती.

आता इथे थांबा. या घरात कुणाचा हिस्सा किती? गावात विचाराल तर सांगतील, दोन भाऊ, आठ-आठ आणे. कायदा काय म्हणतो ऐका. घर वडिलांचं स्वकष्टाचं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा पत्नी, मुलगे आणि मुली सगळे सारखे. चौघं आहेत, म्हणजे प्रत्येकाचे चार आणे. बरं, घर वडिलोपार्जित असेल तर? मुलीला मुलासारखाच जन्माने हक्क आहे. आपल्या महाराष्ट्राने तो 1994 सालीच, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना दिला होता. 9 सप्टेंबर 2005 पासून साऱ्या देशात लग्न झालेल्या मुलींनाही मिळाला. वडील त्या तारखेला हयात होते की नव्हते यावरून पुढे बरीच वर्षं वाद चालले, ते 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने मिटवले. मुलीचा हक्क जन्माचा, वडील असोत-नसोत. तर आधी वडील, आई, दोन मुलगे, मुलगी असे पाच भाग धरायचे, आणि वडिलांचा पाचवा भाग पुन्हा उरलेल्या चौघांत वाटायचा. करा हिशेब. पाचवा अधिक विसावा. पुन्हा चौथा हिस्साच येतो! कुठूनही मोजा, ओसरीवरच्या खाटेवर जी बसली होती तिचे घरात रुपयाला चार आणे. तिला माहीत नव्हतं. लेकांनाही माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

हे काही काल-परवाचं नवं नाही. 1978 साली एका विधवा आईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असाच हिशेब मांडून तिला चोविसातले सात भाग दिले होते. तेव्हा दोन मुलगे आणि तीन मुली होत्या. मुलींना तेव्हा जन्माचा हक्क नव्हता, तरी आईला वाटणीत हिस्सा होता.

तर पुढे काय झालं, धाकट्याने दावा लावला. वाटपाच्या दाव्यात नियम असा की सगळ्या हिस्सेदारांना पक्षकार करावंच लागतं, कुणाला गाळून चालत नाही. म्हणून थोरला भाऊ प्रतिवादी क्रमांक एक, आई प्रतिवादी क्रमांक दोन, बहीण तीन. बेलिफ समन्स घेऊन आला तेव्हा ओसरीवर आईच होती. तिला वाटलं मनीऑर्डर आली. अंगठा दिला आणि विचारलं, कुणी पाठवलंय रे बाबा? तो म्हणाला, तुमच्या धाकट्याने. म्हातारीने कागद कपाळाला लावला.

वाचकहो, मी पुराण सांगतो, रडगाणं नाही. पण एवढं वाक्य मला कीर्तनात कधी पुरं करता आलेलं नाही.

भावाभावातली वाटणी आपल्या संतांच्या घरीही झाली आहे. देहूचे तुकोबाराय. महिपतीबोवांनी चरित्रात सांगितलंय. सावकारी घर, लोकांकडच्या येण्याच्या खतांचा गठ्ठा घरात. महाराजांच्या मनात आलं, हे सगळं इंद्रायणीत सोडून मोकळं व्हावं. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, दादा, तू विरक्त झालास, मला लेकरंबाळं आहेत. तुकोबांनी काय केलं? निम्मी खतं मोजून कान्होबाच्या हातावर ठेवली आणि आपली निम्मी तेवढी डोहात सोडली. आम्ही कीर्तनकार बुडालेल्या निम्म्यावर तासभर बोलतो. उरलेल्या निम्म्यावर कुणी बोलत नाही! स्वतःचा हिस्सा सोडला, पण भावाच्या हिश्शाला हात लावला नाही. आणि कान्होबाला हिणवलंही नाही की तू संसारी, तू लोभी.

आता आपली रीत बघा. वडिलांचं तेरावं. बहिणी रडून रडून दमलेल्या. जेवणं उरकली की भाऊ म्हणतो, ताई, उद्या जाताना जरा तालुक्याला सही करून जा. ती सही कसली? हक्कसोडपत्राची. दुय्यम निबंधकासमोर एकदा ते नोंदलं की झालं. आणि जी करणार नाही तिचं माहेर तुटलं, दिवाळीची चोळी बंद. आपला हिस्सा आपण आनंदाने सोडणं ही तुकोबांची वाट आहे, कुणी सोडला तर मी पाया पडेन. बहिणीला धाक घालून तिचा हिस्सा सोडवून घ्यायचा आणि वर तिला त्यागाचं कीर्तन ऐकवायचं, ही कुणाची वाट, ते तुम्हीच सांगा.

आणि एक जुनी गंमत. 2005 पर्यंत कायद्यातच एक कलम होतं, तेविसावं. राहतं घर असेल तर भावांनी वाटप करायचं ठरवेपर्यंत बहिणीला वाटप मागता येत नसे. राहायचा हक्क होता, तोही कुणाला? अविवाहित, टाकलेली, नवऱ्यापासून वेगळी झालेली किंवा विधवा. म्हणजे मुलीचं नशीब फुटलं तरच बापाच्या घरात जागा! ते कलम काढून टाकलं. पण पुष्कळांच्या डोक्यातून ते अजून गेलेलं नाही.

काही जण विचारतात, महाराज, मी वीस वर्षं घरात राहतो, घरपट्टी मी भरतो, ग्रामपंचायतीच्या आठ नंबरला माझं नाव आहे, भाऊ मुंबईला, तो नुसता गणपतीला येतो. घर माझंच ना? नाही बाबा. आठ नंबरचा उतारा हा कर वसुलीचा कागद, तेवढ्याने मालकी होत नाही. आणि एका हिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने धरतात. नुसतं राहिल्याने भावाचा हक्क बुडत नाही. पण मुंबईकरांनाही सांगतो, वीस वर्षं पावसाळ्यापूर्वी कौलं कुणी चाळली, त्याचा खर्च हिशेबात धरायला लाजू नका.

दुसरा प्रश्न येतो तो असा. भावाने चिडून आपला हिस्सा परक्याला विकला, आता तो परका आमच्या माजघरात येऊन बसणार का? कायदा यात घराची अब्रू राखतो. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात परक्या खरेदीदाराला सामाईक ताबा मागता येत नाही. त्याने वाटप मागितलं तर घरच्या माणसाला तो हिस्सा कोर्ट ठरवील त्या किमतीला घेता येतो. ही तरतूद 1893 सालची, इंग्रजांच्या वेळची. परक्या राजाला जे कळलं ते सख्ख्या भावाला कळेना, आता बोला!

म्हाताऱ्यांसाठी 2007 चा कायदा आहे. बक्षीसपत्र करून घर मुलाच्या नावावर करताना ‘मला शेवटपर्यंत सांभाळायचं’ ही अट त्यात लिहून घ्या. लेकावर विश्वास नाही म्हणून नव्हे, अट लिहिलेली असली म्हणजे न सांभाळल्यास प्रांतांकडच्या न्यायाधिकरणात ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट नसली की फार ओढाताण होते. पण सासू-सासऱ्यांनो, हा कायदा सुनेला रस्त्यावर काढायची काठी नव्हे, हेही 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी सून जिथे नांदली त्या घरात राहायचा तिचा हक्क न्यायाधीशाला तपासावाच लागतो. दोघींचं ऐकून मग निकाल.

बरं, ते घर. निकाल लागला, प्रत्येकी चार आणे. धाकट्याने पेढे वाटले. वकील म्हणाले, पेढे आवरा, हा प्राथमिक हुकूमनामा आहे. अजून मोजणी, मग अंतिम. कोर्ट कमिशनर मोजायला आले. टेप लांब, माणूस एकच. म्हणाले, जरा कुणीतरी टोक धरा. भाऊ दोघेही धरेनात, कारण ज्याने टोक धरलं त्याने मोजणी मान्य केली असं व्हायचं. म्हातारी खाटेवरून उठली आणि तिने टोक धरलं. ओसरीपासून परसापर्यंत, भिंतीला वळसा घालून, सगळं घर तिने धरून मोजून दिलं. कमिशनरांनी अहवाल दिला, या घराचे चार राहण्याजोगे तुकडे होत नाहीत. असं झालं की घर विकून पैसे वाटायची वेळ येऊ शकते. ते ऐकून दोघांचे चेहरे उतरले.

कौरव-पांडवांच्या वाटणीत साक्षात भगवंत मध्यस्थ म्हणून गेला होता. पाच गावांवर आला होता हो! सुईच्या टोकाएवढी माती मिळणार नाही म्हणणाऱ्याने ती मध्यस्थी मोडली, पुढचं तुम्हाला माहीत आहे. आपल्या तालुक्यात लोकअदालत भरते. तिथे तडजोड झाली की तो हुकूमनामाच, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. बाईमाणसाला विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. आईला असाच वकील मिळाला.

तिथे बहीण पहिल्यांदा बोलली. भावांना वाटलं, ही आता पैसे मागणार. ती म्हणाली, माझे चार आणे मी सोडत नाही आणि विकतही नाही. मला माजघराच्या उजवीकडची खोली द्या. दिवाळीला आले तर कुणाला न विचारता कुलूप काढता आलं पाहिजे. आणि आईचे चार आणे म्हणजे माजघर आणि देवघर. तिथे ती मरेपर्यंत राहील, तिच्या हातून काढायचं नाही, आणि बाळकृष्णाच्या पाळ्या बंद. तो आईपाशी राहील. थोरल्याला पुढची बाजू, धाकट्याला मागची. ओसरी, विहीर, वृंदावन सामाईक. न्यायाधीशांनी आईला विचारलं, तुम्हाला मान्य आहे का? ती म्हणाली, साहेब, ओसरीवर वारं फार लागतं.

सह्या झाल्या. आता माजघरात जायचं तर मधल्या भिंतीला दार पाडणं आलं. त्या दाराचा खर्च कुणी करायचा, यावरून दोघं भाऊ पुन्हा आठ दिवस बोलेनासे झाले. शेवटी म्हातारीने श्रावणबाळ योजनेचे साठवलेले पैसे काढून सुताराला दिले आणि दार बसवून घेतलं.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.