एकसष्टावं मूल
(मंडळाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



यंदा बाहेरचा वक्ता न बोलावता आपल्यातल्याच कोणीतरी बोलावं असं मंडळाने ठरवलं आणि विषय दिला, ‘आपल्या मराठी शाळा’. आम्ही म्हणजे मंडळातले पाच-सहा सरकारी नोकर. कोणी बांधकाम खात्यात, कोणी पाणीपुरवठ्यात, कोणी मामलतदार कचेरीत. बहुतेक सगळे डिप्लोमावाले. आम्ही शिक्षणतज्ज्ञ नाही. पण पत्रक कसं भरलं जातं, पद कसं मंजूर होतं, ग्रँट कशी येते आणि न वापरता कशी परत जाते, हे आमचं रोजचं काम. म्हणून भाषाप्रेमावर न बोलता आम्ही आज हिशेबावर बोलणार आहोत. समितीची शाळा, म्हणजे नगर प्राथमिक शिक्षण समितीची मराठी माध्यमाची शाळा, कशावर चालते आणि कशाने बंद पडते, एवढंच सांगायचं आहे.

बडोद्यात शाळेचा विषय निघाला की सुरुवात श्रीमंत सयाजीराव महाराजांपासून करावी लागते. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आले तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि अक्षरओळख इथे येऊन झाली. त्याच राजाने १८९३ साली अमरेली तालुक्यातल्या दहा गावांत मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं. तेरा वर्षं तो प्रयोग पाहिला, आणि १९०६ साली कायदा सगळ्या राज्याला लागू केला. मुलगे ७ ते १२ वर्षांचे, मुली ७ ते १० वर्षांच्या. मूल शाळेत धाडलं नाही तर पालकाला दंड. पुढे नामदार गोखल्यांनी १९११ साली असंच विधेयक कलकत्त्याच्या कायदेमंडळात मांडलं, तेव्हा बडोद्याचा दाखला दिला. १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळलं गेलं. जे बडोद्यात झालं होतं ते देशात व्हायला २०१० उजाडलं. त्या वर्षी १ एप्रिलला शिक्षणहक्क कायदा अमलात आला.

हे सगळं आपण दरवर्षी अभिमानाने सांगतो, आणि सांगावंच. पण आमच्या कारकुनी नजरेला त्यात एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. महाराजांनी शाळा बांधून मुलांची वाट पाहिली नाही. मूल शाळेच्या पटावर आणण्याचं काम राज्याने आपल्या अंगावर घेतलं. शाळेचा खरा पाया जनरल रजिस्टर आहे, इमारत नंतर येते. आजही तेच आहे.

आता हिशेब पाहू. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे की पहिली ते पाचवी मिळून ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार. मुलं दीडशेच्या वर गेली की पाच शिक्षक आणि वर एक मुख्य शिक्षक. समजा एखाद्या शाळेच्या पटावर ६१ मुलं आहेत. तिथे तीन शिक्षक मिळतात. एका कुटुंबाने घर बदललं, एक मूल गेलं, ६० उरली. कायद्याप्रमाणे आता दोनच शिक्षक. तिसरा ‘वधारे’ ठरतो आणि दुसऱ्या शाळेत जातो. म्हणजे ते एकसष्टावं मूल एकटं जात नाही, जाताना शिक्षकाला घेऊन जातं.

दोन शिक्षक आणि पाच इयत्ता म्हणजे काय, हे जरा डोळ्यांसमोर आणा. एक बाई पहिली-दुसरी सांभाळतात, दुसऱ्या तिसरी, चौथी आणि पाचवी. त्यांच्यातल्याच एकीकडे मुख्य शिक्षकाचा चार्ज. रोजची ऑनलाइन हजेरी, मध्याह्न भोजनाची नोंद, शिष्यवृत्तीचे फॉर्म, वरून मागितलेली माहिती, हे सगळं तिनेच करायचं. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती एवढी तीन कामं सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला लावू नये असं कायदा म्हणतो. पण ती तीन कामंही थोडी नाहीत. त्यातून एक बाई रजेवर किंवा तालीमवर्गाला गेल्या की त्या दिवशी पाच इयत्तांना एकच शिक्षक.

पैशाचंही तसंच आहे. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाचं जे एकत्रित अनुदान मिळतं, तेही पटावर ठरतं. ३१ ते १०० मुलांच्या शाळेला २५ हजार, १०१ ते २५० मुलांच्या शाळेला ५० हजार. खडू, नळदुरुस्ती, साफसफाईचं सामान, सगळं त्यातून. आता बांधकामवाल्यांचा अनुभव सांगतो. खोली बांधायला एकदा पैसा लागतो, ती झाडायला रोज लागतो. कायद्यात मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, ग्रंथालय, मैदान, कुंपणभिंत हे सगळं आहे, आणि शहरात ते बहुतेक ठिकाणी बांधलेलंही दिसतं. पण स्वच्छतागृह आहे आणि ते रोज धुतलं जातं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाचवी-सहावीची मुलगी शाळेत येईल की नाही, हे दुसऱ्या गोष्टीवर ठरतं.

म्हणजे चक्र असं फिरतं. मुलं कमी झाली की शिक्षक कमी, शिक्षक कमी झाले की शिकवणं पातळ. पालक आंधळे नसतात, ते मूल काढतात, पट आणखी उतरतो. शेवटी शाळा जवळच्या शाळेत विलीन करण्याचा कागद निघतो, आणि तो वाचून आपण हळहळतो. तोवर त्या कागदाची सुरुवात होऊन पाच-सात वर्षं झालेली असतात.

मराठी शाळेला यात एक जास्तीची अडचण आहे. गुजराती शाळेत शिक्षक कमी पडला तर दुसऱ्या शाळेतला जादा शिक्षक तिथे नेता येतो. मराठी शाळेत तो चालत नाही. मराठीतून शिकवू शकणारा आणि पात्रता परीक्षा झालेला माणूस लागतो, आणि अशी माणसं मराठी शाळांतूनच तयार होतात. शाळा घटल्या की उद्याचे शिक्षकही घटतात. एक बाई निवृत्त झाल्या की ती जागा भरायला इतर माध्यमांपेक्षा जास्त वेळ लागतो.

पट कमी होण्याची कारणंही समजून घेतली पाहिजेत. इंग्रजीची ओढ आहेच. खाजगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांवर गरीब घरातली मुलं कायद्यानेच जातात, आणि तो त्यांचा हक्क आहे. आणखी एक कारण फारसं कोणी बोलत नाही. २०२३ च्या जूनपासून गुजरातेत पहिलीला सहा वर्षं पूर्ण पाहिजेत असा नियम झाला. त्या वर्षी पाच वर्षांची मुलं बालवाटिकेत गेली आणि पहिलीचा वर्ग बारीक झाला. ती बारीक तुकडी दरवर्षी एकेक इयत्ता वर सरकते, आणि जिथे जाईल तिथे पट खाली ओढते. अशा वेळी केवळ आकडा पाहून शाळेचा निकाल लावू नये, हे सांगायला तिथे कोणीतरी जागं असावं लागतं.

आता थोडं अवघड बोलतो. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, शियाबाग भागातल्या आपल्या घरांतल्या आजी-आजोबांपैकी कितीतरी जण अशाच शाळांत शिकले. आज त्या बाकांवर आपली नातवंडं नाहीत. आम्हां नोकरदारांचीही मुलं तिथे नाहीत. तो ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय, त्यावर आम्ही बोलणार नाही. पण आज तिथे कोण बसतं? मकरपुऱ्याच्या कारखान्यांत कंत्राटावर काम करणाऱ्यांची मुलं. आपल्याच घरी भांडी-पोळ्यांना येणाऱ्या बायकांची मुलं. खानदेशातून आलेल्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या कुटुंबांची मुलं.

म्हणून ‘मराठी टिकली पाहिजे’ हे वाक्य आपण जपून बोलावं असं आम्हांला वाटतं. आपली मराठी टिकावी म्हणून दुसऱ्याच्या मुलाने मराठी शाळेत जावं, असं सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. ते आई-वडील विचारतात, “आठवीनंतर पुढे काय? इथे नोकरी गुजराती-इंग्रजीवर मिळते.” त्यांचा प्रश्न खरा आहे. गुजराती तर २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी सगळ्याच शाळांत शिकवायची आहे, म्हणजे मराठी शाळेतलं मूल तिला मुकत नाही, एवढं त्यांना नक्की सांगता येईल. बाकी निवड त्यांची. पण निवड खरी पाहिजे. एका बाजूला भरलेली शाळा आणि दुसऱ्या बाजूला पाच इयत्तांना दोन बाई, याला निवड म्हणत नाहीत.

मराठी शाळा म्हणजे कोणाची मेहेरबानीही नव्हे. राज्यघटनेच्या कलम ३५०-अ मध्ये भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं १९५६ पासून आहे. आणि मुलं असली की सोय होते, हे सुरतेत दिसतं. लिंबायत, उधना, डिंडोलीकडे खानदेशी वस्ती मोठी. तिथली नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा शाळा चालवते. उडिया आणि तेलुगू कशासाठी? मागावर काम करायला आलेल्यांची मुलं पटावर होती म्हणून.

मग मंडळाने काय करावं? आम्ही चार गोष्टी सुचवतो. चारही आपल्या आवाक्यातल्या आहेत.

पहिली, जूनमधली. शाळा प्रवेशोत्सवाच्या आधी पंधरा दिवस आपले कार्यकर्ते वस्तीत जावेत. जन्माचा दाखला नाही, गावच्या शाळेचा दाखला आला नाही, म्हणून मूल घरी बसलेलं असतं. कायदा स्पष्ट आहे. वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, दाखल्याला उशीर झाला म्हणूनही नाही. मोठं मूल असेल तर त्याच्या वयाच्या इयत्तेत बसवायचं. एवढं पालकाला सांगणारा आणि बरोबर शाळेपर्यंत चालणारा माणूस पाहिजे. बालवाटिकेतल्या मुलांच्या घरीही जावं, कारण पुढच्या वर्षीची पहिली तिथेच बसलेली आहे.

दुसरी, शाळा व्यवस्थापन समितीची. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया पाहिजेत. ही समिती ठराव करू शकते, शाळेचा विकास आराखडा करू शकते. पण दिवसभर कामाला जाणाऱ्या आईला ठरावाची भाषा कोण शिकवणार? आपल्यात निवृत्त हेडक्लार्क किती आहेत! त्यांनी अर्ज लिहून द्यावा, सही आईची असावी. मंजूर जागांपैकी दहा टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या ठेवू नयेत असं कायद्यात आहे. हे वाक्य कलमासकट लिहिलेला अर्ज आणि तोंडी तक्रार यांत किती फरक पडतो, ते आम्हां कचेरीवाल्यांना विचारा.

तिसरी, आपल्या निवृत्त शिक्षिकांसाठी. आठवड्यातून दोन तास जाऊन गोष्टी वाचून दाखवा, पाढे घ्या. शाळा नाही म्हणणार नाही. मात्र त्याच दिवशी रिकाम्या पदाचा अर्जही जाऊ द्या. नाहीतर आपण फुकट शिकवतो म्हणून जागा रिकामी असल्याचं वरच्या कोणाला कळतच नाही, आणि आपल्याच सेवेने ते पद झाकलं जातं.

चौथी, वर्गणीची. वह्यावाटप आणि फोटो दरवर्षी होतो. पुस्तकं तर सरकार फुकट देतंच. यंदा देण्याआधी शाळेला विचारूया की तुम्हांला काय कमी पडतं. बहुधा उत्तर येईल, स्वच्छतागृह रोज धुणारं माणूस, पंख्याची दुरुस्ती, गोष्टीची मराठी पुस्तकं. रोषणाईतून थोडी रक्कम काढून ती वर्षभर महिन्याच्या महिन्याला दिली, तर एकदा दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

१९०९ ते २०१८ या काळात बडोद्यात चार वेळा मराठी साहित्य संमेलन भरलं. संमेलनाला हजारो माणसं जमतात, तो आपला आनंद आहेच. शाळेला हजारो लागत नाहीत. साठ मुलांच्या शाळेला एकसष्टावं मूल लागतं. ते कदाचित आपल्या जिन्याखाली आईचं काम संपायची वाट पाहत बसलेलं असेल. येत्या जूनमध्ये मंडळाचा एक तरी माणूस त्याचं बोट धरून शाळेच्या दारापर्यंत जावा, एवढा ठराव आज इथे व्हावा अशी आमची विनंती आहे.

 आरतीची वेळ झाली. गणपती बाप्पा मोरया!