नेमणूक कोणाच्या हाती?



2004 साली दक्षिण कोरियातील सोल शहरी चिनी भाषा व संस्कृती शिकवणारी पहिली कन्फ्यूशियस संस्था उघडली,
आणि पुढे देशोदेशीच्या विद्यापीठांत तशाच संस्था निघाल्या.

यजमान विद्यापीठाने जागा द्यावी,
चिनी विद्यापीठाने शिक्षक व पुस्तके पाठवावीत,
आणि खर्चाचा भार उभयतांनी सोसावा,
असा साधारण करारनामा असे.

कुंचल्याने एकेक चिनी अक्षर गिरवणाऱ्या विद्यार्थ्याचा त्यात लाभच होता.

परंतु शिक्षकाची नेमणूक कोणी करावी?

शिकागो विद्यापीठातील शंभरांहून अधिक अध्यापकांनी लेखी अर्जाने हाच सवाल केला,
आणि 2014 मध्ये तेथील संस्थेचा करार वाढविण्याची बोलणी थांबली.

पुन्हा सांगतो, सवाल नेमणुकीचा होता;
आणि तो अखत्यार विद्यापीठाने सोडू नये, असे मला मनापासून वाटते.

स्टॉकहोम विद्यापीठातील संस्था युरोपात पहिली;
2015 मध्ये तीही बंद झाली.