दवाखान्याचा पैसा कोणाकोणाच्या हातून येतो?

मंडळी, गावच्या उपकेंद्रात नर्सबाई येतात. लसी येतात, गोळ्या येतात. हे सारे पैशावाचून होत नाही. हा पैसा कोण देतो आणि कोण खर्च करतो, ते आज आपण पाहू.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. हा पैसा आपलाच आहे. आपण दुकानातून साबणाची वडी घेतो. तिच्या किमतीत कर असतो. त्यातला काही केंद्र सरकारकडे जातो, काही राज्य सरकारकडे. म्हणून सरकारी दवाखाना म्हणजे कोणाचे उपकार नव्हेत.

आपल्या राज्यघटनेने सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हे काम राज्यांकडे दिले आहे. मोठे कर मात्र बरेचसे केंद्राकडे जमतात. काम एकाकडे, तिजोरी दुसऱ्याकडे. म्हणून केंद्राने राज्यांना वाटा द्यावा लागतो.

2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. 2013 साली त्यात शहरेही आली. आपल्या आशाताई याच अभियानातल्या. 2015-16 सालापासून महाराष्ट्रासारख्या राज्यांत या अभियानाच्या 100 रुपयांपैकी 60 रुपये केंद्र देते आणि 40 राज्याने घालायचे असतात. ईशान्येकडील व हिमालयातील राज्यांना केंद्र 90 रुपये देते. आता राज्याने आपले 40 घातलेच नाहीत, तर शंभराचे काम साठात कसे व्हावे?

राज्याकडून पैसा जिल्ह्याला येतो. महाराष्ट्रात 1962 साली जिल्हा परिषदा आल्या. खेड्यांतली प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे त्या चालवतात. पंधराव्या वित्त आयोगाने तर 2021-22 पासून पाच वर्षांसाठी आरोग्याचे 70,051 कोटी रुपये देशभरातील पंचायती व नगरपालिका यांच्यासाठी म्हणून सुचवले. त्यांतले 43,928 कोटी ग्रामीण भागाचे. उपकेंद्राला इमारत नसेल तर ती बांधावी, तपासणीची साधने घ्यावीत, यासाठी ते होते.

पण मंडळी, धरण भरले म्हणून शेत भिजते का? चारी बुजली, पाळी चुकली, की टोकाचे शेत कोरडेच राहते. पैशाचेही तसेच आहे. मागच्या खर्चाचा हिशेब वेळेवर गेला नाही, तर पुढचा हप्ता अडतो. आणि अडलेल्या हप्त्याची झळ मुंबईला लागत नाही. रात्री बाळंतीण अडली आणि उपकेंद्राला कुलूप असले, की ती आपल्या घराला लागते.

टोकाची चारी आपल्याच हातात आहे. गावोगावी ग्राम आरोग्य समिती असते. तिला अभियानातून वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत निधी मिळू शकतो. खर्च कशावर करायचा ते समितीने ठरवायचे. डासांची डबकी बुजवावीत, विहिरीभोवती स्वच्छता करावी. पैसा साऱ्या गावाच्या उपयोगी पडावा, असा नियम आहे. निराधार बाई किंवा अगदी गरीब घर असेल, तर त्या एकासाठीही तो खर्च करता येतो. समितीचे खाते बँकेत असते.

म्हणून आम्ही म्हणतो, ग्रामसभेत चार प्रश्न विचारा. आपल्या समितीत कोण कोण आहे? यंदा पैसे किती आले? कशावर खर्च झाले? किती शिल्लक राहिले?

विचारणे म्हणजे भांडणे नव्हे. सरपंचाला आणि आशाताईंनाही त्याने बळच येते. "लोक विचारतात" असे त्यांना वर तालुक्याला सांगता येते.

उत्तर तोंडी मिळाले तर हिशेबाचा कागद मागा. पूर्वी कोणी वाचून दाखवील तेवढेच आपल्याला कळे. आता आपल्याला अक्षर येते, आकडा येतो. तो कागद आपण स्वतः वाचू आणि शेजाऱ्यालाही वाचून दाखवू.