नक्कल आणि मालकी

(संस्थेच्या शिक्षक-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



‘ज्ञान, नवे तंत्र आणि मालकी हक्क’ असा भारदस्त विषय चिटणीस साहेबांनी मला दिला आहे. मी कायदेपंडित नाही. आठवी ते दहावीच्या वर्गांना शिकवणारा एक शिक्षक आहे. या विषयाशी माझा संबंध आला तो एका चाळीस पानी वहीमुळे, म्हणून प्रथम त्या वहीची हकीगत सांगतो.

आपल्या कोकणातल्या मुलांची भाषेची तऱ्हा आपण सर्व जाणता. घरी कोकणी बोली, शाळेत उर्दू, बाजारात आणि कचेरीत मराठी. दहावीपर्यंत ‘दायरा’ आणि ‘मुसल्लस’ शिकलेले मूल अकरावीला दुसऱ्या माध्यमाच्या वर्गात जाऊन बसते, आणि तिथे ‘वर्तुळ’ नि ‘त्रिकोण’ कानावर पडले की गोंधळते. त्याला गणित येत असते, पण गणिताचे नाव येत नसते. हुशार मुली निव्वळ या भीतीने पुढचे शिक्षण सोडतात, हे मी पाहिले आहे. म्हणून २०१७ साली मी गणित आणि विज्ञानातील उर्दू शब्द, त्यांच्यासमोर मराठी शब्द आणि खाली एकेक सोपे वाक्य अशी वही हाताने लिहून काढली. बस स्थानकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मूळ प्रत ठेवली आणि मुलांना सांगितले, कागदाचे पैसे द्या आणि प्रत काढा.

दोन वर्षांनी नववीतील एका मुलाने माझ्यासमोर एक छापील पुस्तिका ठेवली. “सर, ही चांगली आहे, तुम्हालाही उपयोगी पडेल,” असे तो म्हणाला. रंगीत मुखपृष्ठ, एका खाजगी क्लासचे नाव, किंमत एकशेवीस रुपये. आत माझीच वाक्ये होती, आणि माझे नाव कुठेही नव्हते. मलपृष्ठावर मात्र ठळक अक्षरात लिहिले होते की यातील मजकुराची नक्कल करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई केली जाईल! माझी खात्री पटली ती एका चुकीमुळे. मी वहीत ‘कुतर’ आणि ‘निस्फ कुतर’ यांच्यासमोर व्यास आणि त्रिज्या उलटे लिहिले होते. ‘निस्फ’ म्हणजे अर्धा, हे ठाऊक असूनही हात चुकला होता. छापील पुस्तिकेत ती चूक जशीच्या तशी होती. त्या मुलाची आई मासळी सुकवण्याच्या कामावर जाते. तिने एकशेवीस रुपये देऊन माझी चूक विकत घेतली होती.

मला संताप आला, हे कबूल करतो. वकिलाकडे जाण्याची भाषाही मी घरी बोललो. परंतु रात्री शांतपणे विचार करता दुसरीच गोष्ट मनाला टोचू लागली. मी तरी ते शब्द कुठून आणले होते? पाठ्यपुस्तक मंडळाची दोन माध्यमांची पुस्तके शेजारी ठेवून आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश चाळून. व्यास हा शब्द माझ्या वडिलांचा नव्हे. मग नक्कल कोणी केली आणि चोरी कोणी केली? या प्रश्नाने मला कायद्याचे पुस्तक उघडायला लावले.

ग्रंथस्वामित्वाचा पहिला मोठा कायदा इंग्लंडमध्ये १७१० साली राणी ॲनच्या कारकिर्दीत अमलात आला. विद्येला उत्तेजन देणे हा त्याचा उद्देश त्याच्या नावातच सांगितला होता. त्याने नव्या पुस्तकाला चौदा वर्षांचे संरक्षण दिले, आणि लेखक हयात असल्यास आणखी चौदा. आपला आजचा कायदा १९५७ सालचा. त्यात मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले, त्यामुळे १९९१ अखेर त्यांचे साहित्य सर्वांना खुले व्हायचे होते. त्या सुमारास कायदा दुरुस्त करून पन्नासाची साठ वर्षे केली गेली, आणि ती सर्वच लेखकांना लागू झाली. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांची पुस्तके २०११ पासून कोणीही छापू शकतो. चौदा वर्षांपासून आपण कुठे येऊन पोहोचलो ते पाहा. सरकारी प्रकाशनालासुद्धा प्रसिद्धीपासून साठ वर्षे संरक्षण आहे. शाळेचा अभ्यासक्रम त्या काळात चार-पाच वेळा बदलेल. मला ही मुदत शिक्षणाच्या दृष्टीने अवाजवी वाटते, आणि तसे स्पष्ट सांगण्यात मला संकोच नाही.

परंतु याच कायद्यात आपल्यासाठी एक खिडकी ठेवलेली आहे, आणि आश्चर्य असे की आपल्यापैकी बहुतेक शिक्षकांना ती ठाऊक नाही. कलम ५२ मध्ये म्हटले आहे की शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकण्या-शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत हा स्वामित्वाचा भंग ठरत नाही. प्रश्नपत्रिकेत उतारा घेतला तर तोही गुन्हा नव्हे. जे पुस्तक भारतात विक्रीला उपलब्धच नाही, त्याच्या तीनपर्यंत प्रती बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालय आपल्या वापरासाठी काढू शकते. २०१२ च्या दुरुस्तीने अंध व अपंग वाचकांसाठी त्यांना वाचता येईल अशा स्वरूपात प्रती काढण्याची मुभा दिली, आणि त्याच विषयावरील माराकेश करार २०१४ साली सर्वांत आधी मान्य करणारा देश आपला भारत होता. याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

या खिडकीची कसोटी दिल्लीत लागली. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशन संस्थांनी दिल्ली विद्यापीठावर आणि तिथल्या दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या रामेश्वरी नावाच्या झेरॉक्सच्या दुकानावर दावा ठोकला. प्राध्यापकांनी नेमून दिलेल्या प्रकरणांच्या प्रती एकत्र बांधून हे दुकान विद्यार्थ्यांना देत असे. प्रकाशकांचे म्हणणे, हा धंदा आहे. विद्यार्थ्यांचे म्हणणे, एकेका प्रकरणासाठी हजारोंची पुस्तके घ्यायची तरी कशी? १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. ग्रंथस्वामित्व हा काही ईश्वरदत्त हक्क नव्हे, असे त्यांनी निकालात मांडले. स्वतःच्या विद्यार्थिदशेत मुले आळीपाळीने ग्रंथालयात बसून पानेच्या पाने हाताने उतरवीत, याचीही त्यांनी आठवण दिली आहे. जे काम हाताने केले तर निर्दोष, ते यंत्राने केले म्हणून सदोष कसे ठरेल, असा त्यांच्या विचाराचा रोख आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने काही मुद्द्यांची पुन्हा तपासणी करायला सांगितली, पण शिक्षणासाठी आवश्यक तेवढी प्रत काढता येते हे तत्त्व कायम ठेवले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

आता कोणी म्हणेल की मग सारेच फुकट वाटा, लेखकाला काय द्यायचे? हा प्रश्न टाळून चालणार नाही. उर्दूत किंवा मराठीत मुलांसाठी विज्ञानाचे पुस्तक लिहून पाचशे प्रतींची आवृत्ती काढणारा माणूस आणि परदेशी मोठी प्रकाशन संस्था यांना मी एका तराजूत तोलत नाही. त्या पाचशेतल्या शंभर प्रती खपल्या नाहीत तर तो दुसरे पुस्तक लिहीत नाही, आणि नुकसान आपल्याच मुलांचे होते. अख्खे पुस्तक मोबाईलवरून गटागटांत फिरवणे हे शिक्षण नव्हे. आपल्यापैकी काही जण ते करतात, आणि मीही पूर्वी केले आहे. माझ्या मते वर्गात शिकवण्यासाठी एखादे प्रकरण उतरवणे वेगळे, आणि दुसऱ्याची मेहनत आपल्या नावाने विकणे वेगळे.

याबाबतीत आपल्या जुन्या परंपरेकडे पाहिले की मला मोठा आधार वाटतो. अब्बासी काळातील बगदादमध्ये वर्राकांचा, म्हणजे पुस्तकांच्या प्रती काढून विकणाऱ्यांचा, मोठा बाजार होता. इब्न अन-नदीम हा त्यांच्यापैकीच एक. त्याने दहाव्या शतकात आपल्या काळातील ग्रंथांची जी जंत्री केली, ती ‘अल-फिहरिस्त’ आजही अभ्यासक वापरतात. त्या काळी उस्ताद वाचून दाखवीत, शागीर्द उतरवून घेत, मग उतरवलेले परत वाचून दाखवीत, आणि चुका दुरुस्त झाल्यावर उस्ताद पुढे शिकवण्याची ‘इजाजत’ देत. नक्कल करण्याला बंदी नव्हती. अट होती ती दोन गोष्टींची : नक्कल अचूक हवी, आणि कोणाकडून घेतले त्याचे नाव हवे. नावांची साखळी तुटली की त्या विद्येवरचा भरवसा गेला. आपल्या देशात लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ साली छापखाना काढला आणि कातिबांचे सुंदर हस्ताक्षर शिळाछापावर चढवून अरबी, फारसी, उर्दू ग्रंथ घरोघर पोहोचवले. कुरआन शरीफच्या स्वस्त प्रती त्यांनी छापल्या, स्वतः हिंदू असून. (आपल्या मराठीत ‘वही’ म्हणजे लिहिण्याची वही आणि उर्दूत ‘वही’ म्हणजे अल्लाहकडून आलेला संदेश. हे निव्वळ उच्चारसाम्य आहे, पण शिक्षकाला ते आवडल्याशिवाय राहत नाही.)

आजच्या कायद्यातही ती नावाची अट आहेच. कलम ५७ प्रमाणे लेखकाने सारे हक्क विकून टाकले तरी ‘हे मी लिहिले’ असे सांगण्याचा हक्क त्याच्याजवळ राहतो. त्या क्लासवाल्यांनी माझे पैसे बुडवले असे मी म्हणत नाही, मी पैसे मागितलेच नव्हते. त्यांनी साखळी तोडली, म्हणूनच ती चूक कोणी माझ्याकडे दुरुस्तीला आणू शकले नाही.

नव्या तंत्राबद्दल दोन शब्द. आज बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतात, ही फार मोठी सोय आहे. पण २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा आपण काय पाहिले? घरात फोन एक, तो वडिलांबरोबर कामावर. संध्याकाळी परत आला की आधी भावाचा अभ्यास, मग बहिणीचा, तोवर बॅटरी संपलेली. पुस्तक फुकट झाले, वाचण्याचे साधन महाग राहिले. शासन अनुदानित शाळांत आठवीपर्यंत मोफत पुस्तके देते, कारण २००९ चा शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी थांबतो. नववीत पाऊल टाकले की पुस्तक, वही, मार्गदर्शिका सारे विकत. नेमक्या त्याच वर्षी आपल्या मुली गळतात. तेव्हा कागदाची झेरॉक्स प्रत कालबाह्य झाली असे कोणी सांगितले तर मी ते मानणार नाही.

अध्यक्ष महोदय, आता थोडे स्पष्ट बोलण्याची परवानगी असावी. कलम १७ असे सांगते की नोकरीच्या कामात तयार केलेल्या कृतीची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याची. मी वही घरी, रात्री लिहिली. तिला हे कलम लागू होते की नाही यावर वकील वाद घालतील. मला तो वाद नको आहे. समजा, मालकी संस्थेची आहे. मग संस्थेने मालक म्हणून एक ठराव करावा : आपल्या शिक्षकांनी तयार केलेले शब्दसंग्रह, सराव प्रश्न, नकाशे, प्रयोगांच्या टिपा कोणत्याही शाळेला, कोणत्याही माध्यमाला उतरवून घेण्यास खुल्या आहेत. शिक्षकाचे नाव राहिले पाहिजे, आणि परवानगीशिवाय विक्री करता येणार नाही. अशा जाहीर परवानगीचे तयार नमुने क्रिएटिव्ह कॉमन्स या नावाने २००२ पासून जगभर वापरात आहेत. आपल्याच कायद्याच्या कलम २१ मध्ये जाहीर सूचना देऊन हक्क सोडून देण्याचीही तरतूद आहे. म्हणजे यात कायद्याबाहेरचे काही नाही.

ही कल्पना मी मांडली तेव्हा आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, “सर, संस्थेनेच पुस्तिका छापून विकली तर ग्रंथालयाला चार पैसे मिळतील, ते का सोडायचे?” प्रश्न रास्त आहे, ग्रंथालयाची अवस्था मला ठाऊक आहे. पण हिशोब करून पाहावा. आपल्या मुलांना विकून जे येईल ते आपल्याच पालकांच्या खिशातून येईल, आणि शेजारच्या जिल्हा परिषद उर्दू शाळेतील मूल त्यापासून वंचित राहील ते वेगळेच. शिवाय खुली वही दहा शिक्षकांच्या हातून जाते, दहा जण तीत भर घालतात. विकाऊ पुस्तिकेत कोणी भर घालत नाही.

सुधारलेली वही आता छप्पन्न पानांची झाली आहे. रसायनाचे शब्द आमच्या शाळेतील एका सहकारी मॅडमनी घातले आहेत, त्यांचे नाव पहिल्या पानावर आहे. ती बाहेर टेबलावर ठेवली आहे आणि मूळ प्रत बस स्थानकाजवळच्या त्याच दुकानात आहे. ज्यांच्याजवळ २०१७ ची जुनी प्रत असेल त्यांनी सतराव्या पानावर ‘कुतर’समोर व्यास आणि ‘निस्फ कुतर’समोर त्रिज्या असे करून घ्यावे, आणि मगच पुढे कोणाला द्यावी. एकशेवीस रुपयांची छापील पुस्तिका ज्यांच्या घरी आहे, त्यांनी तीही आणावी, पेन्सिल मी देतो.