शिंपल्यांची मोजणी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या बैठकीत आम्ही नदीतल्या शिंपल्यांवर बोलणार आहोत असे सांगितले तेव्हा मागच्या बाजूला हसू फुटले. हसण्यासारखेच आहे. जिथे विहिरीला फेब्रुवारीनंतर पाणी राहत नाही, तिथे शिंपल्यांचे कौतुक कोणाला? पण आम्हाला शेवटी बोंडअळीपाशीच यायचे आहे. वळसा थोडा लांबचा आहे, तेवढा सोसून घ्या.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहरापाशी हडसन नावाची नदी समुद्राला मिळते. भरतीचे पाणी या नदीत दोनशेहून जास्त किलोमीटर आत रेटले जाते, पण वरच्या भागात नदी गोडीच राहते. तिथून जवळच मिलब्रुक गावी केरी इन्स्टिट्यूट नावाची संशोधन संस्था आहे. डेव्हिड स्ट्रेयर हे तिथे शास्त्रज्ञ होते. गोड्या पाण्याच्या तळाशी जे जीव राहतात, त्यांचा अभ्यास हे त्यांचे आयुष्याचे काम. स्ट्रेयर आणि त्यांचे सोबती १९८० च्या दशकात या नदीच्या मोजणीला लागले. तळाचा गाळ काढायचा, चाळायचा, शिंपले मोजायचे. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे हिरवे शेवाळ किती, ते तपासायचे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्या वेळी नदीवर कोणतेही संकट नव्हते. एखाद्याने विचारले असते की असल्या मोजणीतून काय निघणार, तर त्यांना सांगण्यासारखे फार काही नव्हते.

आता या शिंपल्याबद्दल दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण जीव मोठा वस्ताद आहे. अमेरिकेच्या नद्यांत याच्या सुमारे तीनशे जाती. तळाच्या वाळूत अर्धा रुतून बसायचे, पाणी आत ओढायचे, त्यातले शेवाळ खायचे आणि पाणी बाहेर सोडायचे, एवढाच उद्योग. त्याला चालता येत नाही म्हटले तरी चालेल. मग पिल्ले नदीत वरच्या अंगाला पोचवायची कशी? तो माशाला कामाला लावतो. काही जातींची मादी आपल्या अंगाची एक पाळ शिंपल्याबाहेर काढून अशी हलवते की पाहणाऱ्याला छोटी मासळीच वाटावी. तिला डोळ्यासारखा ठिपका, शेपटीसारखे टोक. मोठा मासा भक्ष्य समजून झडप घालतो आणि तोंडात येतात ती शेकडो पिल्ले. ती त्याच्या कल्ल्यांना चिकटतात, काही दिवस फुकटचा प्रवास करतात आणि मग गळून तळाला रुजतात. काही जातींचे शिंपले पन्नास-पन्नास वर्षे जगतात. म्हणजे हे बाभळीसारखे पीक, मुगासारखे नव्हे. एकदा मोडले की पुन्हा उभे राहायला पिढी जाते.

या शिंपल्यांचा बाजारही एकदा झाला होता. १८९१ मध्ये बोपल नावाच्या जर्मन कारागिराने आयोवा राज्यातल्या मस्कटीन गावी शिंपल्यांपासून सदऱ्याची बटणे कापायला सुरुवात केली. १९०५ साली त्या एका गावातून वर्षाला दीडशे कोटी बटणे निघत होती. नद्यांचे तळ खरवडून निघाले. पुढे प्लॅस्टिकचे बटण आले आणि धंदा बसला. कापसाच्या सदऱ्याला लागणाऱ्या बटणामागे एवढा इतिहास असेल असे आम्हालाही वाटले नव्हते. पण ते असो.

मूळ गोष्ट पुढची. कास्पियन आणि काळ्या समुद्राच्या भागात नखाएवढा एक पट्ट्यापट्ट्यांचा शिंपला आहे. पट्ट्यांमुळे त्याला झेब्रा शिंपला म्हणतात. जहाज रिकामे निघाले की तोल राखायला पोटात पाणी भरून घेते आणि माल चढवायच्या बंदरात ते ओतून देते. त्या पाण्यातून या शिंपल्याची पिल्ले अटलांटिक ओलांडून गेली. १९८८ मध्ये अमेरिका-कॅनडाच्या सरहद्दीवरच्या मोठ्या सरोवरांच्या भागात तो पहिल्यांदा दिसला. याला मासा लागत नाही. मादी वर्षाला दहा लाखांपर्यंत अंडी सोडते आणि पिल्ले पाण्याबरोबर वाहत जातात. दगड, पाइप, होडीचा तळ, दुसऱ्या शिंपल्याची पाठ, जे टणक मिळेल त्याला चिवट धाग्यांनी चिकटायचे. डिसेंबर १९८९ मध्ये मनरो नावाच्या शहराचा पाणीपुरवठा या नखाएवढ्या जीवाने आणि बर्फाने मिळून बंद पाडला. जहाजवाल्याचे पाणी ओतायचे काम फुकटात झाले आणि पाइप साफ करायचा खर्च गावकऱ्यांच्या पाणीपट्टीत गेला. हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे.

१९९१ मध्ये झेब्रा शिंपला हडसन नदीत सापडला. पुढचे वर्ष संपेपर्यंत त्याची संख्या सुमारे पंचावन्न हजार कोटी झाली होती. नदीच्या गोड्या भागातले सगळे पाणी हे शिंपले उन्हाळ्यात एक ते चार दिवसांत एकदा गाळून काढू लागले. पाण्यातले शेवाळ ऐंशी टक्क्यांहून जास्त घटले. नदी वरून पाहणाऱ्याला स्वच्छ दिसू लागली आणि काही लोकांना आनंदही झाला. पण ते शेवाळ म्हणजे नदीतला चारा होता. त्यावर जगणारे बारीक जीव कमी झाले, त्या जीवांवर जगणाऱ्या मधल्या धारेतल्या माशांना फटका बसला. काठाच्या वनस्पतीत राहणारे मासे मात्र वाढले, कारण ऊन तळापर्यंत पोचू लागले. एकाचे नुकसान, दुसऱ्याचा फायदा, असा तो मामला.

आणि नदीचे स्वतःचे शिंपले? आधी सगळ्यांचा अंदाज असा, की परके शिंपले पाठीवर बसून त्यांना गुदमरवतील. इतर ठिकाणी तसे झालेही. हडसनमध्ये स्ट्रेयर यांच्या मोजणीतून निघाले ते वेगळे. पाठीवर फारसे कोणी बसलेले नसतानाही देशी शिंपले मरत होते. ते उपाशी मरत होते. शेजारच्याने ताट ओढून नेले होते. १९९० च्या दशकात ते इतक्या वेगाने घटले की नदीतून त्यांचे नाव पुसले जाणार असेच चित्र दिसत होते. त्या वेळी कोणी मोजणी थांबवली असती तर आजही पुस्तकात तेच छापले गेले असते.

मोजणी थांबली नाही. २००० च्या सुमारास देशी शिंपल्यांची घसरण थांबली. पूर्वीच्या मानाने कुठे चार टक्के, कुठे बावीस टक्के, पण जातीपरत्वे काही उरले आणि टिकले. पुढच्या काही वर्षांत आणखी एक गोष्ट दिसली. झेब्रा शिंपल्याची पिल्ले अजूनही येत होती, पण मोठी होत नव्हती. पहिल्या वर्षांत तो चांगली काही वर्षे जगायचा, नंतर नंतर वर्षभरात शंभरातले नव्याण्णव मरू लागले. मोठे शिंपले कमी, म्हणून गाळणे कमी. पाण्यातले बारीक जीवही बऱ्याच अंशी परत आले. कारण कोण? बोट निळ्या खेकड्याकडे दाखवले जाते, त्याला हा परका घास उशिरा का होईना आवडू लागला असावा.

इथे एक सावधगिरी. हे ऐकून कोणी म्हणेल, मग झाले, निसर्ग आपले आपण पाहून घेतो, आपण बसून राहू. स्ट्रेयर तसे म्हणत नाहीत. परके जीव आधी फोफावतात आणि मग आपोआप कोसळतात, ही समजूत त्यांनी आणि इतर शास्त्रज्ञांनी पुढे तपासली, तेव्हा तिला म्हणावा तितका आधार मिळाला नाही. कधी कोसळतात, कधी नाही. कुठे काय होते आहे ते ज्याने मोजले त्यालाच कळते.

आता बोंडअळी. या गुलाबी अळीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये झाले, ते आपल्या शेजारच्या भरूचच्या कापसावरच्या अळ्यांवरून. १९१७ मध्ये ती टेक्सासमध्ये पोचली. म्हणजे त्यांच्याकडे जसा झेब्रा शिंपला, तशी ही अळी. तिथल्या शेतकऱ्यांनी वर्गणी काढून सापळे लावले, पतंग नपुंसक करून सोडले, बीटी वापरले, वेळेवर पऱ्हाट्या मोडल्या आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या सरकारने कापूस या अळीपासून मुक्त झाल्याचे जाहीर केले. आपल्याकडे त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ च्या हंगामात, बीटीच्या बोंडात अळी निघाली आणि अर्ध्या विदर्भाने फवारणीत पैसा घातला.

त्या वर्षी नुकसानीच्या पंचनाम्याला माणूस आला, तेव्हा त्याने विचारले, पहिला पतंग कधी दिसला? आम्हाला सांगता आले नाही. दसऱ्याच्या आसपास, एवढेच. कोणत्या शिवारात आधी, कोणत्या वाणावर आधी, फरदड ठेवलेल्या रानाच्या शेजारी जास्त की नाही, काहीच लिहिलेले नव्हते. बियाणे विकणाऱ्याकडे त्याचे कागद होते, कचेरीकडे कचेरीचे. आमच्याकडे फक्त औषधाच्या पावत्या होत्या, त्याही उधारीच्या.

म्हणून या बैठकीला आम्ही वह्या आणल्या आहेत. गावाला एक. पेरणीपासून पाचेक आठवड्यांनी शिवारात कामगंध सापळे लावायचे. रोज सकाळी पतंग मोजून आकडा लिहायचा, शून्य असेल तर शून्य लिहायचा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले किंवा वीस हिरवी बोंडे फोडून दोनात अळी निघाली, तर फवारणीची वेळ आली असे शास्त्रज्ञ सांगतात. त्याआधी फवारू नये, त्यानंतर थांबू नये. वही मुलींच्या हाती द्यावी असे आमचे मत आहे. गेल्या खेपेला जन्म-मृत्यूची यादी करायला मुलांना सांगितले, तर दोन पानांनंतर क्रिकेटचे गुण लिहिलेले निघाले.

पहिले वर्ष कदाचित काहीच दिसणार नाही. दुसऱ्या वर्षीही कंटाळा येईल. वही तरी पुढच्या बैठकीला घेऊन यावी. ज्यांना सापळ्याची वडी मिळत नाही त्यांनी जाण्यापूर्वी मांडवाच्या उजव्या कोपऱ्यात नाव नोंदवावे.