अन्वस्ताची चूल



अन्वस्त ही वक्ररेषा शाळेत बहुधा परीक्षेपुरती शिकली जाते. आज आम्ही तिला स्वयंपाकघरात नेणार आहोत. अक्षाला समांतर आलेला प्रत्येक किरण अन्वस्ताकार आरशावरून परतून नाभी या एकाच बिंदूत मिळतो. बसऱ्याच्या इब्न अल्-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी अशा दाहक आरशांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शिर्डी संस्थानाच्या प्रसादालयासाठी २००९ साली ७३ सौर तबकड्या बसवल्या गेल्या, त्या याच तत्त्वावर.

घरगुती चुलीची आखणी सोपी आहे. मध्यापासून दर १० सेंटिमीटरला उंची अनुक्रमे १, ४, ९, १६, २५, ३६ सेंटिमीटर घ्यावी; हे तर वर्गच! १२० सेंटिमीटर रुंदीची कढई तयार होते. तिची नाभी तळापासून २५ सेंटिमीटरवर येते. तेथे काळे भांडे टांगावे.

ही खोली मुद्दाम ठेवली आहे. कढई उथळ केली तर नाभी काठाबाहेर जाते आणि जवळून जाणाऱ्या मुलाच्या डोळ्यांना धोका होतो. येथे ती काठाच्या ११ सेंटिमीटर आत राहते. तरीही भांडे उतरवताना कढई आधी उन्हातून फिरवावी.

बारडोलीत डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो. कढई तितकी कलती ठेवावी. अक्षाला समांतर ठोकलेल्या खिळ्याची सावली नाहीशी झाली, की रोख बरोबर. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणून रोख वारंवार सुधारावा.

माताभगिनींचे डोळे धुराने जाऊ नयेत आणि उन्हानेही जाऊ नयेत, एवढ्यासाठी तरी मुलामुलींना हे गणित आले पाहिजे, इतकीच आमची विनंती.